साखरेवाचून राहिलेलं पाणी : अनंतशास्त्री आणि रमाबाई

तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याने थोडं साखरपाणी मागितलं. पाणी होतं, साखर नव्हती. मुलांनी नुसतं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. पुढे त्यांची शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्राण गेला. साल १८७४. तिरुपतीच्या डोंगराखालचं एक खेडं, गावाबाहेरचं पडकं देऊळ. म्हातारे म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे. उशाशी बसलेली धाकटी मुलगी सोळा वर्षांची होती. पुढे जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखणार होतं.

हा प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि तोही वीस-बावीस वर्षांनी. मधल्या काळात त्या कलकत्ता, इंग्लंड, अमेरिका पाहून आल्या होत्या. आई, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेले होते. स्वतःची शाळा उभी राहिली होती. तरी लिहायला बसल्यावर ती साखर आलीच.

ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांच्याजवळ बसायचं काम मी करते. मुली वडिलांबद्दल बोलू लागल्या की मोठ्या गोष्टी आधी येतात : त्यांनी शिकवलं, त्यांनी घडवलं. मग बोलणं कुठेतरी अडतं आणि एक बारकी गोष्ट बाहेर पडते. शेवटच्या दिवशी चहा मागितला होता, पथ्य म्हणून दिला नाही. फोन आला होता, मीटिंग होती म्हणून उचलला नाही. रडू फुटतं ते तिथे. माझे वडील गेले तेव्हा माझंही हेच झालं. त्यांना दवाखान्यातून घरी यायचं होतं आणि मी म्हटलं, उद्या जाऊ. या बायकांच्या गोष्टी त्यांच्या आहेत, त्या इथे मांडणार नाही. रमाबाईंनी आपली गोष्ट आपण होऊन लोकांपुढे ठेवली, म्हणून अभ्यासाला त्यांचं प्रकरण घेतलं आहे. वडिलांचं दुःख मुलीच्या आयुष्यात काय काय करतं, हे इतकं उघड आणि इतकं प्रामाणिक मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आधी ते घर कसं होतं ते पाहू. अनंतशास्त्री मंगळूरकडच्या मुलखातले चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्याला रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकायला राहिले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून हा विद्यार्थी चकित झाला आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं असं त्याने मनाशी धरलं. पहिल्या पत्नीच्या वेळी ते जमलं नाही. तिला गोडी नव्हती आणि घरातली वडीलधारी माणसं आडवी आली. ती वारल्यावर दुसरं लग्न झालं ते असं : शास्त्रीबुवा गोदावरीवर स्नानाला उतरले होते. यात्रेला निघालेल्या एका ब्राह्मणाने त्यांना पाहिलं, कूळ-गोत्र विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन तो पुढच्या वाटेला लागला. तेव्हा शास्त्रीबुवांचं वय चव्वेचाळीस. रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात हे लग्न सांगितलं आहे ते कौतुकाने नव्हे. अनोळखी माणसाच्या हाती लेक देऊन बाप कसे निर्धास्त निघून जातात, याचा दाखला म्हणून सांगितलं आहे. मुलगी चांगल्या हाती पडली, हे नशीब, एवढंच त्या पुढे म्हणतात.

त्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव लक्ष्मीबाई. नवऱ्याने तिला संस्कृत शिकवायला घेतलं आणि गवगवा झाला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना जाब द्यावा लागला. बायकांनी संस्कृत काव्य-पुराणं शिकू नयेत असं शास्त्र म्हणत नाही, हे त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखवलं. पण लोकांचा काच संपेना, तेव्हा ते बायकोला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्परही नव्हतं. वाघाच्या डरकाळ्या ऐकत ती पोर पासोडीत गुरफटून थरथरत पडली होती आणि नवरा रात्रभर पहारा देत बसला होता. याच रानात १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगराखाली आणलं. शास्त्रीबुवांचं सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं होतं आणि ती यात्रा कधी संपलीच नाही. देवळात, घाटावर बसून पुराण वाचायचं, लोक जे पुढ्यात ठेवतील त्यावर राहायचं, आणि मग पुढचं तीर्थ.

रमाबाईंना वडिलांनी फारसं शिकवलं नाही. ते थकले होते. शिकवलं लक्ष्मीबाईंनी. पहाटे, कामं सुरू व्हायच्या आधी, झोपेत असलेल्या मुलीला लाडीगोडीने उठवून बसवायचं आणि संथा द्यायची. पुस्तक नाही, आईच्या तोंडचे शब्द आणि त्यामागून मुलीचे. पण हे लक्षात ठेवायला हवं की आईच्या तोंडी ते शब्द वडिलांनी घातले होते, आणि त्यासाठी गाव सोडलं होतं. १८८७ मध्ये रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत वडील नाहीत. मला त्यात वडिलांची उपेक्षा वाटत नाही. वडिलांनी जे लावलं ते आईच्या रूपाने उगवलं होतं, मुलीने हात जोडले ते तिथे.

थोरल्या मुलीचं लग्न मात्र अनंतशास्त्र्यांनी रीतीप्रमाणे लहानपणीच केलं आणि ते वाईट ठरलं. जावई शिकला नाही, संसार झाला नाही. तो घाव त्यांनी मनाला लावून घेतला आणि धाकटीला लहानपणी उजवायचं नाही असं ठरवलं. सोळा वर्षांची अविवाहित ब्राह्मण मुलगी त्या काळात दुसऱ्या घरात सापडली नसती.

आता १८७४. मद्रास इलाख्यात दुष्काळ होता. शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, दृष्टी गेली होती. जवळचं किडूकमिडूक विकून जो पैसा आला तो या कुटुंबाने अन्नाला ठेवला नाही. देवाला घातला, ब्राह्मणांना दिला. अनुष्ठानं केली, जप केले. देव प्रसन्न होऊन संकट टळेल हा भरवसा. शेवटचा तांदळाचा दाणा संपला त्या दिवशी सगळे एकत्र बसले आणि ठरलं की आपल्याच लोकांत दैन्य दाखवण्यापेक्षा रानात जाऊन मरावं. त्या रात्री तिरुपती सोडलं. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढल्या. मग वडील म्हणाले, आता सोसवत नाही, जवळच्या तीर्थाच्या तळ्यात देह ठेवतो.

एकेकाचा निरोप घेतला. धाकटी म्हणून रमाची पाळी शेवटी आली. आंधळ्या बापाला तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी तिला घट्ट कवेत धरलं, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. तुझ्यावर किती माया केली ते विसरू नकोस, सन्मार्ग सोडू नकोस, जगलीस तर मानाने जग, तू माझी धाकटी, सर्वांत लाडकी, तुला मी देवाच्या हाती दिलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर. असं काहीसं बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला.

तळ्यात कुणी उतरलं नाही. भाऊ श्रीनिवास म्हणाला, जातीचा अभिमान मी सोडला, मजुरी करीन, बाबांना पाठीवर घेऊन खाली उतरेन. दोन दिवस लागले डोंगर उतरायला. गावातल्या देवळात टेकले तर पुजाऱ्यांनी उठवलं. म्हणून ते पडकं देऊळ, तो ताप, ते साखरेवाचून राहिलेलं पाणी.

अंत्यविधीची हकिगत वाचताना मी दर वेळी थांबते. मरणाआधी शास्त्रीबुवांनी संन्यास घेतला होता, म्हणून अग्नी नाही, भूमीत समाधी. पण खांदा द्यायला कुणी नाही. एका तरुण ब्राह्मणाने आधी त्यांना अन्न दिलं होतं. त्याने स्वतःच्या पैशाने खड्डा खणवून दिला, नदीपर्यंत सोबत आला. प्रेताला मात्र हात लावला नाही. हे लोक खरंच ब्राह्मण की कोण याची खात्री नव्हती आणि वाळीत टाकतील याची भीती होती. मग श्रीनिवासने वडिलांचा देह आपल्याच धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि एकट्याने दोन मैलांहून अधिक वाहून नेला. मागे आई आणि बहिणी. गावापासून दूर त्यांना पुरलं आणि सगळे पडक्या देवळात परतले. त्याच संध्याकाळी आईला ताप भरला.

आईचं मरण लगेच मागे आलं, त्यामुळे वडिलांसाठी रडायला वेळ असा मिळालाच नाही. कुणा दयाळू माणसांनी दिलेल्या पैशांतून रायचूरपर्यंत रेल्वेने आले. तिथे आईला भूक असह्य झाली तेव्हा तिने रमाला शेजारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला पाठवलं. शेजारीण गोड बोलली, पण या मुलीला तोंड उघडवेना. डोळ्यांतलं पाणी तिने निकराने अडवलं तर ते नाकावाटे वाहू लागलं. त्या बाईने ओळखलं, तुकडा दिला. मुलगी धावत आली. आईला खाता आलं नाही. काही दिवसांत तीही गेली. पुढे थोरली बहीणही गेली. काही महिन्यांत घरात दोघं उरली.

इथपर्यंत घटना. आता मुलीच्या मनात काय झालं असेल ते पाहू, आणि तिथे तिचेच शब्द आधाराला घेऊ.

रमाबाईंच्या लिखाणात वडिलांवरची माया आणि वडिलांवरचा राग एकाच पानावर आहेत. मायेबद्दल वर आलंच. रागाबद्दल त्या स्पष्ट लिहितात : जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, म्हणून आम्ही एखादा उद्योग शिकलो नाही, शिकलो असतो तर आई-वडिलांचे जीव कदाचित वाचले असते. आम्हाला व्यवहारज्ञान नव्हतं, असलेला पैसा देवांना प्रसन्न करायला ब्राह्मणांना वाटून टाकला. त्या वाक्यांत कर्ता ‘आम्ही’ आहे. पण घरचे निर्णय घेणारे वडील होते, मुलांना संस्कृताखेरीज काही शिकू न देणारे आई-वडील होते. सोळा वर्षांच्या मुलीने तो दोष आपल्याही अंगावर वाटून घेतला. बापावर नुसता राग धरायचा तर गालांवरून फिरलेला तो हात आठवतो. नुसती माया धरायची तर धोतरात बांधलेलं गाठोडं आठवतं. मुली दोन्ही धरून ठेवतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्याने राग जात नाही, आत मुरतो. रमाबाईंनी तो बोलून टाकला आणि माया तसूभर कमी होऊ दिली नाही. या प्रकरणातून घेण्यासारखं मला हे सगळ्यांत मोठं वाटतं.

पहिली काही वर्षं मात्र राग कुठेच नव्हता. बहीण-भाऊ वडिलांचंच आयुष्य पुढे जगत राहिले : तीच पायपीट, तीच तीर्थं, तीच पुराणं. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे करून दोघं डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळूत झोपली. भिजवलेलं धान्य मिठाबरोबर खाल्लं, रानातली फळं खाल्ली. माणूस गेलं की काही दिवस आपण त्याच्या वेळेला चहा टाकतो, त्याच्या खुर्चीत कुणाला बसू देत नाही. ही दोघं वडिलांची अख्खी दिनचर्या पाळत हिंदुस्थानभर फिरत होती. श्रद्धा झिजत गेली ती हळूहळू : शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं आणि शास्त्राने कबूल केलेलं काहीच मिळालं नाही.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. उडुपीच्या सभेत ज्या गोष्टीसाठी बापाला जाब द्यावा लागला, त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या सभेत लेकीचा सत्कार झाला. बघायला बाप नव्हता. याच शहरात ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला सुचवलं, तेव्हा त्या बिचकल्या. बाईने काव्य-पुराणं वाचावीत, वेद नाही, ही वडिलांनी पाळलेली शेवटची मर्यादा होती. ती त्यांनी ओलांडली आणि वेद वाचले. अनंतशास्त्र्यांनी बायकोसाठी एक दार उघडलं होतं आणि दुसरं बंद ठेवलं होतं. मुलीने त्यांच्याच धिटाईने दुसरं उघडलं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा झाली, १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा कडेवर मूल घेऊन पुण्याला आली आणि काही महिन्यांत आर्य महिला समाज उभा केला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे बायकांसाठी शिक्षिका आणि बाई डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुण्यात हे कळल्यावर वादळ उठलं. पण इंग्लंडमधल्या मिशनरी बायकांनी चर्चचं म्हणणं मुकाट्याने मान्य कर म्हटलं, तेव्हा रमाबाईंनी लिहून कळवलं की एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, दुसरं मानेवर घ्यायची तयारी नाही. ते पत्र वाचताना मला उडुपीच्या सभेत उभे असलेले शास्त्रीबुवा दिसतात. ग्रंथ मी वाचलाय, तुम्ही सांगता ते त्यात कुठे आहे ते दाखवा : हा बाणा घरचा होता.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवांना शिकवायची जागा. आणि १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या कानावर आल्या. माझ्या मते पडक्या देवळातलं ते दुःख खऱ्या अर्थाने हलतं झालं ते इथे. रमाबाई स्वतः निघाल्या. भुकेल्या मुलींना पाहून त्यांना बावीस वर्षांपूर्वीची आपली दशा आठवली, असं त्यांनी लिहिलं आहे, आणि वडिलांच्या मरणाची हकिगत त्याच ओघात येते. जिथे अन्न मिळतं म्हणून मुली जात होत्या आणि फसवल्या जात होत्या, तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगची बंधनं होती, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांना नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं.

केडगावला काय काय होतं पाहा : शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. मुलींना लिहायला-वाचायला तर शिकवलंच, पण प्रत्येकीच्या हाताला काहीतरी काम शिकवलं. एखादा उद्योग येत असता तर आई-वडील वाचले असते, या वाक्याशेजारी हे सगळं ठेवलं की मला ते मुलीने वडिलांना उशिरा दिलेलं उत्तर वाटतं. वडिलांनी जे दिलं ते तिने पुढे दिलं, आणि वडिलांनी जे दिलं नाही तेही तिने पुढे दिलं. वडिलांचा प्रभाव म्हटलं की आपण पहिलंच मोजतो. दुसरं मोजायला गेलेल्या माणसाकडे नीट, न घाबरता पाहावं लागतं.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये मांडलं की शोकात माणूस गेलेल्यापासून हळूहळू मन सोडवून घेतो. आपल्याकडेही ‘आता मन घट्ट कर’, ‘किती दिवस धरून बसणार’ असं म्हणतात ते त्याच अर्थाने. अलीकडे शोकाचा अभ्यास करणारे अनेक जण म्हणतात की नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. रमाबाईंचं प्रकरण वाचलं की हे दुसरं म्हणणं पटतं. त्यांनी धरून ठेवलं आणि काम थांबवलं नाही.

त्यांच्यापुढे एक गाठ मात्र उरलीच होती, आणि ती धर्म बदललेल्या कुठल्याही लेकीपुढे उरली असती. वडिलांची अखेरची आज्ञा होती की देवाची सेवा कर. त्यांच्या मनातला देव वेगळा होता, तिचा आता वेगळा झाला. ज्या श्रद्धेला तिने खरं मानलं तिच्या हिशेबात वडील बाहेर राहत होते. बाप चुकला असं म्हणून ही गाठ तोडता आली असती. काही धर्मांतरितांनी तसं केलंही आहे. रमाबाईंनी केलं नाही. शेवटची सतराअठरा वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. एकेक शब्द ताडून पाहायची सवय त्या पहाटेच्या संथेची. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. पण त्याआधी, पन्नाशीच्या आसपास, आपल्या श्रद्धेची कहाणी सांगताना त्यांनी पुन्हा ते रान, ते तळं, ते आंधळे डोळे लिहिले. आणि लिहिलं की माझ्या वडिलांची प्रार्थना देवाने ऐकली यात शंका नाही. ज्या देवाला तो वृद्ध हिंदू ओळखत नव्हता, त्यानेच ती ऐकली.